पुण्याची वाट आणि साहेबांचा माऊस

किश्शांचं आमच्या कॉम्प्युटर रूमसारखं आहे. मुद्दाम कुणी काही आणून ठेवत नाही, तरी बघता बघता पाय ठेवायला जागा उरत नाही. नगरच्या एमआयडीसीतल्या आमच्या पंपांच्या कारखान्यात मी पंचवीस वर्षं काढली. त्यातले निम्मे किस्से एकट्या वाघचौरेचे, आणि तेही नव्व्याण्णव सालच्या एका हंगामातले.

वाघचौरे राजूरचा. टेम्पररी म्हणून लागला आणि आल्या आल्या सर्व्हरवर लिनक्स ही फुकटची सिस्टिम चढवून मोकळा झाला. फोनवरून इंटरनेट लावायचं, आणि त्यातून पुण्याच्या हेड ऑफिसपर्यंत फक्त आपल्या कंपनीपुरता एक बंद रस्ता काढायचा, असा त्याचा बेत. तो त्याला व्हीपीएन म्हणायचा, आम्ही बोगदा.

प्लांट मॅनेजर साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. "तुझं पर्मनंटचं पत्र पुण्याहून याच बोगद्यातून येईल. तीस नोव्हेंबरला पाचपर्यंत आलं तर तू पर्मनंट. नाही आलं तर लिनक्स पण घरी आणि तू पण."

आम्ही हसलो. वाघचौरे नाही हसला. पर्मनंट होण्याच्या भरवशावर त्यानं धाकट्या बहिणीला नगरच्या कॉलेजात घातलं होतं आणि सावेडीत खोली घेतली होती. हे कळल्यावर मलाही आपल्या हसण्याची लाज वाटली.

*

पहिल्या दिवशी बोगदा लागला. टाळ्या वाजल्या. मिनिटभरात तुटला. पुन्हा लावला, पुन्हा मिनिटभरात तुटला.

दोन दिवस डोकं खाजवल्यावर वाघचौरेला कारण सापडलं. बोगदा लागला की लिनक्स आपला रूट बदलायचं, म्हणजे सगळा माल बोगद्यातूनच पाठवायचं. सगळा म्हणजे सगळा. ज्या फोनच्या वाटेवर बोगदा उभा, त्या वाटेनं जायचा मालसुद्धा.

मला काही कळलं नाही. टेलिफोन बोर्डवरच्या मीनाताईंना मात्र लगेच कळलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलं की रे तू."

पुण्याचं मशीन गाठायचं ते नेहमी फोनच्याच वाटेनं, अशी एक ओळ त्यानं टाइप केली. बोगदा टिकला.

*

टिकला म्हणजे चाललाच असं नाही. आमच्या सोनईच्या गोडाऊनची स्टॉकची यादी रोज आमच्या बोगद्यातून पुण्याला जायची. गोडाऊनवाल्यांचा वाघचौरेवर विश्वास नव्हता, म्हणून ते तीच यादी फ्लॉपीत घालून पुण्याला जाणाऱ्या आमच्या टेम्पोवाल्याकडेही द्यायचे. एकदा यादी सकाळी फोनवरून निघाली आणि फ्लॉपी टेम्पोतून. पुण्याला फ्लॉपी आधी पोचली.

वर परत आल्यावर टेम्पोवाला वाघचौरेला समजावून सांगत होता, "घोडेगावला रस्ता बंद हुता. मी राहुरीवरनं वळसा घातला, पन पोचलो का न्हाई? तुमच्या मशीनचा रस्ता बदलला की ते बसूनच घेतंय."

खरंच होतं ते.

*

ती एक ओळ लाईट गेली की पुसली जायची, मशीन चालू झालं की पुन्हा टाइप करावी लागायची. म्हणून वाघचौरेनं ती कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवली आणि दसऱ्याला गावी गेला.

खंडेनवमीला आमच्याकडे लेथपासून स्टेपलरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. सर्व्हरचीही झाली, मीनाताईंच्या हातून. दसऱ्यानंतर लाईट गेली, आली, मीनाताईंनी कागद बघून ओळ टाइप केली. बोगदा लागेना. शेवटी राजूरहून वाघचौरेचा एसटीडीवरून फोन आला. त्यानं ओळ वाचून घेतली आणि म्हणाला, "ताई, नंबरातला एक आकडा कमी हाय."

"कमी कसा असेल? कुंकवाखाली आहे. आणि पूजेचं कुंकू मी पुसणार नाही."

परत आल्यावर त्यानं कागदच काढून टाकला. फोन लागला की ती ओळ मशीननं आपली आपण चालवायची, अशी सोय करून टाकली. स्वतःवर इतका खूश झाला की आम्हाला चहा पाजला.

*

आणि तेव्हापासून बोगदा दिवसातून चार-पाच वेळा तुटायला लागला! ना लाईट गेलेली, ना फोन बिघडलेला. आम्ही बिचाऱ्या कावळ्यांवरही संशय घेतला. कंपाउंडच्या तारेवर ते बसायचे खरे.

साहेब तर रोज केबिनमधून ओरडून विचारायचे, "लागला का?" आम्ही "लागला" म्हणायचो. पुढच्या दोन मिनिटांत तुटायचा. वाघचौरेची जेवणाची भूक गेली. डबा तसाच घरी जायचा.

*

तीस नोव्हेंबर. दुपारी चारला पुण्याहून फोन आला, की पत्र तयार आहे, साडेचारला पाठवतो, पाचला ऑफिस बंद. वाघचौरे सर्व्हरची डायरी वाचत बसला होता. कुठला फोन किती वाजता लागला, हे मशीन त्यात लिहून ठेवतं. एकाएकी तो उठून मीनाताईंकडे गेला आणि विचारलं, साहेबांच्या केबिनमधली दुसरी लाइन आज कधी कधी लागली? मीनाताईंनी वेळा सांगितल्या. बोगदा तुटल्याच्या वेळा त्याच होत्या.

साहेबांचा मुलगा अमेरिकेत. त्याची मेल बघायला साहेबांना वेगळी लाइन होती, तीही याच सर्व्हरला जोडलेली. आम्ही "लागला" म्हटलं की साहेब "बघतो" म्हणून मुलाची मेल उघडायला माऊस दाबायचे. दुसरा फोन लागायचा. फोन लागला म्हणून मशीन वाघचौरेची ती ओळ पुन्हा चालवायचं, आणि पुण्याची वाट साहेबांच्या फोनवर वळायची. बोगदा पहिल्या फोनवर लटकत राहायचा.

दुरुस्ती पाच मिनिटांची होती. पण त्यासाठी बोगदा सोडायला लागला असता, आणि पत्र निघालं होतं. प्रिंटर करकरायला लागला. एक ओळ, दोन ओळी.

"लागला का?" केबिनमधून आवाज आला. पाठोपाठ खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं.

वाघचौरे धावत केबिनच्या दारात जाऊन उभा राहिला. "साहेब, पाच मिनटं बघू नका."

"का?"

"तुमी बघितलं की तुटतंय."

साहेबांनी माऊसवरचा हात काढला. बाहेर आले आणि मीनाताईंच्या शेजारच्या स्टुलावर मांडीवर हात ठेवून बसले. प्रिंटर चालला होता. शेवटची ओळ आली, कागद थांबला. साहेबांनी तो फाडला, नीट वाचला, खिशातलं पेन काढून खाली सही केली आणि वाघचौरेच्या हातात दिला.

मग हळूच विचारलं, "आता बघू का?"