तिसरा शिक्का

काजमास्तर हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. सव्वीस वर्षं एकाच कारखान्यात शर्टांना काजं पाडली म्हणून चिकटलेलं. त्या कारखान्याला टाळं लागलं आणि पन्नाशी उलटलेला हा गृहस्थ बेकारी भत्त्याच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

त्या भत्त्याची एक गंमतच होती. काम शोधतोय हे दाखवायला दर पंधरवड्याला तीन ठिकाणचे शिक्के आणायचे. 'विचारायला आले होते, जागा नाही' असं लिहून शिक्का मारून घेतला की झालं. जागा नाही हे मागणाऱ्याला ठाऊक, मारणाऱ्यालाही ठाऊक. बायको म्हणायची, तुम्ही नोकरी शोधताय की शिक्के?

त्या शनिवारी दोन शिक्के झाले होते. तिसऱ्यासाठी तो एका छोट्या शिवण-कारखान्यात शिरला. जेवणाची सुट्टी, मशीनांवर कुणी नाही. मालक शिक्का शोधायला आत गेला. समोरच काजाचं मशीन होतं, त्यात अर्धवट काज अडकलेलं, टाके सुटलेले. झालं, काजमास्तरचे हात शिवशिवायला लागले! शिक्का घ्यावा आणि गुमान घरी जावं की नाही? पण नाही. वाकून पाहिलं तर सुईखालचा हूक केसभर सरकलेला. पाच मिनिटांत त्याने हूक जागेवर आणला आणि एक काज पाडून पाहिलं. सुरेख पडलं. मागे मालक उभा होता. सोमवारपासून या, म्हणाला.

कुणाच्या जागी, हे काजमास्तरने विचारलं नाही. तेव्हा सुचलंच नाही, असं बायकोला सांगितलं त्याने. पण सुचलं होतं हो, चांगलं सुचलं होतं. उत्तर ऐकायचं नव्हतं म्हणून गिळून टाकलं.

सोमवारी मशीनपुढच्या स्टुलावर जुन्या चादरीची घडी होती, बसायला मऊ म्हणून ठेवलेली. शेजारच्या बाईने खालच्या आवाजात सांगितलं, तिची आहे, दोन पोरं एकटीने वाढवतेय, शनिवारी संध्याकाळी काढली तिला, काम बिघडवते म्हणून. काजमास्तर उठून जाईल असं वाटलं ना? छे. घडी बाजूला ठेवून तो कामाला बसला. दिवसभर काजं झकास पडली आणि प्रत्येक काजाला त्याला स्वतःची लाज वाटली.

गुरुवारी तासाभराची सवड मागून तो भत्ता बंद करायला ऑफिसात गेला. खिडकीवरचं काम आटोपून निघाला, तर बाकावरची एक बाई म्हणाली, भाऊ, एवढा फॉर्म भरून द्याल का? नाव-पत्ता होईपर्यंत ठीक चाललं होतं. मग तिने काम सांगितलं, काजाच्या मशीनवर. कारखाना सांगितला. काजमास्तरचं पेन जागच्या जागी थांबलं.

ती अडली होती ती 'काम का सुटलं' या रकान्यापाशी. हात बिघडला म्हणून काढलं, असं मालकाने पत्रात लिहिलं होतं. आणि कारकुनाने बजावलं होतं की स्वतःच्या चुकीने काम गेलं असेल तर भत्ता विसरा.

"खरंच बिघडला असेल का हो माझा हात?" तिने विचारलं.

खरं लिहावं तर चौकशीचं पत्र मालकाकडे जाणार आणि चार दिवसांची नोकरी बोंबलणार. आपला भत्ता तर त्याने आत्ताच बंद केलेला. बायकोला काय तोंड दाखवणार? तो लिहायला लागला. मशीनचा हूक सरकला होता, टाके त्यामुळे सुटत होते, बाईंची चूक नाही. ज्याने मशीन दुरुस्त केलं त्यालाच त्यांच्या जागी ठेवलं. मग त्याने ते तिला वाचून दाखवलं.

"दुरुस्त कुणी केलं?"

"मी," काजमास्तर म्हणाला. "खाली साक्षीदार म्हणून सही करतो."

त्याने सही केली. आता ती चार शिव्या घालेल, त्याला त्या हव्याच होत्या. तिने कागद स्वतःकडे ओढून घेतला.

"दोन महिने मालकांच्या मागे लागले होते मी," ती म्हणाली, "मशीन कुणाला तरी दाखवा म्हणून."

मग कागदाची घडी घालत तिने विचारलं, "आता नीट चालतं?"

मान वर न करता तो म्हणाला, "चालतं."