परवाना नसलेलं गाणं

कपाट आवरताना हळदीचे डाग पडलेला जुना एमपीथ्री प्लेअर सापडला. ताईच्या हळदीसाठी मी त्यात रीतसर विकत घेतलेली गाणी भरली होती. हळदीच्या दिवशी खालापूरच्या घरी अंगणात स्पीकर जोडला, तर प्रत्येक गाण्याला पडद्यावर एकच उत्तर: ‘परवाना नाही’. ज्या ऑफिसच्या कम्प्युटरवर ती विकत घेतली, फक्त त्यावरच ती वाजायची. मी रडकुंडीला आले.

"गाण्याला कसला परवाना गं? सर बाजूला," म्हणत काकीने हळदीच्या हातांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि गाणं उचललं. मागून सगळ्या बायका गायला लागल्या. मी गुपचूप प्लेअरवरचं रेकॉर्डचं बटण दाबलं.

आज प्लेअर चार्ज केला. विकतची गाणी अजून अडूनच बसलीत. काकीचं मात्र लगेच लागलं. शेवटी दम लागलेल्या आवाजात ती विचारते, "आता वाजतंय ना गं तुझं?"

"वाजतंय, काकी," मी म्हणाले.