नाणेफेकीआधी

रेणापुरात मी मुलींना खो-खो शिकवतो. रविवार प्रभूचा, असं लहानपणापासून ऐकत आलो. इथे तो स्पर्धा भरवणाऱ्यांचा आहे. त्यामुळे लातूरच्या चर्चमधल्या उपासनेला मी क्वचितच उगवतो, आणि मंडळीतले लोक नव्या पाहुण्याशी बोलावं तसं माझ्याशी बोलतात. नांदेडहून आईचा फोन येतो, आज तरी गेला होतास का म्हणून. मी विषय जेवणावर नेतो.

मैदानावरही मी पाहुणाच. सामन्याआधी मुली खांबापाशी नारळ फोडतात, खोबरं वाटतात. तेवढा वेळ मी बाजूला उभा राहतो. माझे हात जोडले जात नाहीत, पण खोबरं मी खातो. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. पोरीनं हातावर ठेवलेला तुकडा परत कसा करायचा, ते मात्र सांगितलं नाही.

नारळ झाला की मी जरा मागे सरून डोळे मिटायचो. कुणाला लागू नये, एवढंच मनातल्या मनात मागायचो. कधी कुणाला सोबत बोलावलं नाही. तरी मी पोरींना बाटवतो, अशी गावात कुजबुज झालीच. आमच्या कर्णधार मुलीचे वडील शेतकरी. एका संध्याकाळी ते मैदानावर आले आणि अगदी आदराने बोलले.

"सर, तुमी शिकवता चांगलं. पर ते डोळे मिटणं बंद करा. लोक बोलायलेत. मग मला पोरीला घरी बसवावं लागंल."

ती घरी बसली असती तर तिचा खेळ कायमचा संपला असता. मला संताप आला. त्यांचा कमी, त्यांचे कान भरणाऱ्यांचा जास्त. पण मी मान डोलावली. खोलीवर येऊन भात शिजवला आणि ताटासमोर बसून रडलो. एवढ्याशा गोष्टीसाठी रडू येईल असं वाटलं नव्हतं.

मग मी युक्ती काढली. नारळ फुटला की वाकायचं, बुटाची नाडी सोडायची, पुन्हा बांधायची आणि तेवढ्यात उघड्या डोळ्यांनी प्रार्थना उरकायची. देवाला चालत असावं. मला मात्र चोरी करतोय असं वाटायचं, आणि हे सांगावं असं जवळ कुणी नव्हतं.

भोकरच्या सामन्याला निघताना बुटाचा तळ उसवला, म्हणून चपला घालूनच गेलो. मुलींसोबत जीपमधून कर्णधाराचे वडीलही आले होते. नारळ फुटला, खोबरं वाटून झालं. मी नुसताच उभा. माझ्या पायात नाडी नव्हती.

पंचांनी नाणेफेकीला बोलावलं. कर्णधार तिकडे न जाता माझ्यासमोर आली. तिने आधी वाकून माझ्या पायांना हात लावला, मग अवघडून स्वतःचा पाय पुढे केला.

"सर, माझी नाडी बांधून द्या."

नाडी घट्ट बांधलेली होती. दोरीपलीकडून तिचे वडील बघत होते. मी गुडघ्यावर बसलो आणि गाठ सोडली.

"सावकाश बांधा," ती हळूच म्हणाली. "मी थांबते."