माझा जिवंतपणीचा टाक

तळोद्याच्या शाळेत मी ड्रॉइंग मास्तर. आसपासच्या नाटकांचे पडदेही मीच रंगवायचो. गावाने पानसुपारीपलीकडे कधी काही दिलं नाही. आणि एके दिवशी मुंबईहून पार्सल आलं! मूर्तिकाम शिकायला गेलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याने चक्क माझं सन्मानपदक ओतलं होतं. बशीएवढं पितळेचं, त्यावर एका बाजूने माझा उठावाचा चेहरा, मिशीसकट. संध्याकाळी समारंभ करून ते शाळेच्या भिंतीत बसवायचं हेडमास्तरांनी ठरवलं. मी हुरळून घरी पळालो आणि आईच्या हातात दिलं.

तिने ते पदराने पुसलं, निरखलं आणि हंबरडा फोडला. "तुन्हा टाक कोनी करा रे? तू तं जित्ता शे!"

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की पत्र्यावर त्याची आकृती ठोकून देवघरात ठेवतात, तो टाक. वडिलांचा होताच. मी सन्मान, कला वगैरे शाळेतल्या मराठीत समजावत बसलो. छे! माझ्याआधीची तिची तिन्ही मुलं गेलेली. पदक भिंतीत बसलं की मीही गेलोच, असं तिने धरलं आणि ते पोटाशी घट्ट धरून बसली.

तोड शेजारच्या काकूंनी काढली. मेला समजून क्रियाकर्म केलेला माणूस परतला, तर त्याला पाळण्यात घालून पुन्हा बारसं करतात. "मंग याले बी घाला!"

झालं! चाळिशीचा मी, समारंभाचा कोट आणि फेटा घालून लुगड्याच्या झोळीत. प्रत्येक झोक्याला माझं बूड जमिनीला टेके. बायकांना हसू आवरेना, पाळण्याचं गाणं अर्ध्यातच राही. मला न्यायला हेडमास्तर हार घेऊन आले, तर काकूंनी त्यांच्याही हातात दोरी दिली. त्यांनी बिचाऱ्यांनी गंभीर चेहऱ्याने चार झोके दिले. मी इतका हसलो की फेटा सुटला.

नाव आत्याने ठेवायचं, पण मला आत्या उरली नव्हती. म्हणून आईच वाकली. बायका रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत बुक्के घालत खिदळत होत्या. तिने माझ्या कानात कुर्रर्र केलं, आणि नाव सांगायच्या जागी हळूच म्हणाली, "मन्हा पहिले जाऊ नको, भाऊ."

झोळीत पडल्या पडल्याच मी हो म्हणालो. मग तिने पदक हेडमास्तरांच्या हातात दिलं.