शांत झाले की मोजू

कुसुम गेल्याला महिना होत आला. त्या सोमवारी सकाळी भिंगारहून तिचा भाऊ कॉलेजात आला, तेव्हा मी आमच्या प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदरांना दाणे घालत होते. "ताई काल गेली," तो म्हणाला. आणि मी वेड्यासारखी म्हणाले, "अरे, पण आज तिला यांचा रक्तदाब घ्यायचाय..." तो दारातच बसला आणि रडू लागला.

नगरच्या त्या कॉलेजात आम्ही दोघी एका मुळीचा अर्क उंदरांना पाजून त्यांचा रक्तदाब उतरतो का, ते पाहत होतो. उंदराला काचेच्या नळीत घालायचं, बाहेर राहिलेल्या शेपटीला दिव्याची ऊब द्यायची, इवलासा रबरी पट्टा बांधून हवा भरायची. ऐकायला सोपं; पण उंदीर बिचकला की आकडा भलताच चढतो. म्हणून नव्या उंदरांना कुसुम आधी काही दिवस नळीत नुसतं बसायची सवय लावायची, त्यांच्याशी गप्पा मारायची. "पहिला आकडा भीतीचा असतो गं. शांत झाले की मोजू." मी चिडवायचे, "आता पाळणा तेवढा टांग!" मग ती जे हसायची...

दिवाळीनंतर तिचं डोकं सारखं ठणकू लागलं. मीच तिला बळेबळे दवाखान्यात नेलं. दंडाला पट्टा बांधून पारा पाहताच डॉक्टरांचा चेहरा बदलला. "गोळ्या आजपासूनच घ्यायच्या."

"डॉक्टर, मी इथे आले की घाबरते. हा आकडा धरू नका. पुढच्या सोमवारी शांत होऊन येते."

डॉक्टर रागावले, मीही रागावले. पण ती हट्टाला पेटली की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकायची नाही. गोळ्या पिशवीतच राहिल्या. "आत्ता घेतल्या तर खरा आकडा कसा कळेल?" हे तिचं उत्तर.

तेराव्याला भिंगारला गेले. तिच्या आईने खिडकीजवळची खुर्ची दाखवली. "रोज हितं डोळे मिटून बसायची. म्हनायची, आई, शांत बसायची सवय करते, सोमवारी दाखवायचं हाय. रैवारी चहाला हाका मारल्या, तर..."

मग माझा हात घट्ट धरून त्यांनी विचारलं, "आता तरी शांत झाली असंल ना गं ती?"

त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मी रडत राहिले.