वहिनीचं मल्याळम

माझी थोरली वहिनी वॉशिंग मशीनच्या एका कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायची. दिवसभर कानाला हेडफोन आणि पलीकडे कुणीतरी तापलेलं. मशीन कुणाचंही बंद पडो, बोलणी हिने खायची. आपला आवाज चढवायचा नाही, फोन आपणहून ठेवायचा नाही, आणि समोरच्याने सात पिढ्यांचा उद्धार केला तरी शेवटी 'आणखी काही मदत करू का?' असं विचारायचं. घरी आली की तासभर तिला कुणाचाही शब्द नकोसा व्हायचा. दादा बिचारा भाजी काय आणू, एवढंच विचारायला जायचा आणि हात हलवत परत यायचा.

मल्याळम सिनेमा तिला अपघातानेच सापडला. एका संध्याकाळी दादा यायच्या आत ती सोफ्यावर आडवी झाली आणि टीव्ही लावला. तेवढ्यात रिमोट सोफ्याच्या फटीत गेला. तो उपसून काढायचं त्राण नव्हतं, म्हणून लागलं होतं तेच ती बघत राहिली. एकमेकांशी अबोला धरलेले दोन म्हातारे भाऊ भर पावसात एकाच छत्रीतून दवाखान्यात निघाले होते. दोघांचाही एकेक खांदा भिजत होता, पण छत्री अमक्या बाजूला धर असं सांगायला बोलावं लागलं असतं. वहिनी खुदकन हसली. भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तेच तिला बरं वाटलं. मला म्हणाली, "त्या भाषेत माझ्याकडे कुणाचंच काही काम नव्हतं गं."

मग रोज संध्याकाळी तेच सुरू झालं. पडद्याखाली येणाऱ्या इंग्रजी ओळी वाचत वाचत तिला माणसं ओळखीची झाली. चहाच्या दुकानात बसून जगाचा न्याय करणारे, बायकोला घाबरणारे पोलीस, भांडून पुन्हा एका ताटात जेवणाऱ्या बहिणी. दादा म्हणायचा, हिला माहेर सापडलं, फक्त तिथली भाषा येत नाही.

वरच्या मजल्यावर एक मल्याळी नर्स राहायची. आम्ही सगळे तिला सिस्टरच म्हणायचो. जिन्यात भेटली की वहिनी तिला नवीन ऐकलेला शब्द म्हणून दाखवायची आणि ती पायरीवर थांबून तो नीट करून द्यायची. ओळख तेवढीच.

मग एका सकाळी वहिनी उठली ती शुकशुकाटात. दादा समोर उभा राहून बोलत होता आणि तिला नुसते त्याचे ओठ दिसत होते. डावा कान तिचा लहानपणी पिकून गेला होता, सगळी मदार उजव्यावर. तो रातोरात बंद झाला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, इंजेक्शनं सुरू केली. कान परत येईल, पण हमी देत नाही, म्हणाले. दादाने तेच मोबाईलवर टाइप करून तिच्यापुढे धरलं. हमीचं वाक्य मात्र गाळलं. तिने त्याच्या तोंडाकडे बघून ते ओळखलं.

त्या दिवसांत तिने एकदाच सिनेमा लावला आणि बंद केला. आवाज नसताना ती ओळखीची माणसं पाठ फिरवून बसल्यासारखी वाटली. ती खोलीतून बाहेर येईना, आणि स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही म्हणून तिने बोलणंही सोडलं. मी रोज जायचे, पण शेजारी बसून हात धरण्यापलीकडे काय करणार?

सिस्टर आली ती आपल्या मुलीचं दुसरीचं मल्याळम पुस्तक घेऊन. एका मोठ्या कागदावर तिने मल्याळम अक्षरं काढली, खाली मराठी अक्षरं लिहिली आणि तो कागद कपाटाच्या दारावर चिकटवला. जिलब्यांसारखी ती अक्षरं बघून वहिनी त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली. मग हट्टालाच पेटली. बोट ठेवून एकेक शब्द सोडवायचा आणि अडलं की मोबाईलवर सिस्टरला विचारायचं. पुस्तकातल्या एका गोष्टीत एक बाई म्हैस विकते आणि रोज काहीतरी निमित्त काढून नव्या मालकाच्या गोठ्यात डोकावते. ती गोष्ट वहिनीने शेवटपर्यंत वाचली आणि मला खुणेने सांगितली, म्हशीच्या शिंगांसकट. बाहेरच्या खोलीत दादा तोंड फिरवून डोळे पुसत होता.

कान परत आला तो न्हाणीघरात. बादलीत नळ ठिबकत होता आणि तिला वाटलं, टप टप होतंय. भास असेल म्हणून तिने नळ घट्ट पिळला. आवाज थांबला. सोडला, पुन्हा सुरू. ती कितीतरी वेळ तेच करत राहिली, तेव्हा घाबरून दादाने दार ठोठावलं.

"ऐकू येतंय," ती आतून म्हणाली. "दार तोडू नका."

दादा तिथेच ओल्या पायपुसण्यावर बसला. मी गेले तेव्हाही तसाच बसलेला होता आणि ती त्याला उठा म्हणून रागावत होती. इतक्या दिवसांनी तिचं रागावणं ऐकून मला रडूच आलं.

संध्याकाळी सिस्टर आली. वहिनीने ऐटीत पुस्तक उघडलं आणि म्हशीची गोष्ट मोठ्याने वाचायला घेतली. दुसऱ्याच ओळीत म्हशीवर पाऊस पडतो, तिथे सिस्टरने हसून भिंतीचा आधार घेतला. मल्याळममधल्या पावसाच्या शब्दात एक अक्षर आहे, जे आपल्याकडे नाही. जीभ मागे वळवून कुठेही न टेकवता म्हणायचं. कागदावर तिने त्याखाली नाइलाजाने ळ लिहिला होता. त्यामुळे वहिनी मनातल्या मनात इतके दिवस 'मळ' वाचत होती.

"ताई," सिस्टर हसू आवरत म्हणाली, "बिचाऱ्या म्हशीवर इतके दिवस मळ पडत होता?"

सिनेमात हा शब्द वहिनीने शंभरदा ऐकला होता, पण पुस्तकातला शब्द तो हाच, हे कळलं नव्हतं. मग आम्ही सगळेच ते अक्षर म्हणायला बसलो. दादाचं तर गुळण्या केल्यासारखं येत होतं.

डॉक्टरांनी हेडफोन कायमचा बंद केला. कंपनीने तिला लेखी तक्रारींना उत्तरं द्यायच्या कामावर बसवलं. तिथे ती खूश आहे. लिहून शिव्या देताना माणसं अर्ध्यात दमतात, म्हणते. संध्याकाळचा सिनेमा आता दादाही बघतो आणि हा कोण, तो कोण, असं विचारून तिला हैराण करतो. मधल्या वेळात तिने एक मल्याळम कादंबरी वाचायला घेतली आहे, चांगली जाडजूड. दिवसाला एखादं पान होतं, कधी अर्धंच. मी विचारलं, कधी संपायची ही? तर म्हणाली, संपवायची कुणाला आहे?