हिरव्या बांगड्या आणि एक एक्स-रे

सकाळी माझ्या आईची बोटं इतकी आखडायची की तिला चहाचा कप धरवत नसे. धायरीतल्या आमच्या आळीत सगळ्यांचं निदान ठरलेलं होतं: वय झालं, वात हाय, निर्गुंडीच्या पाल्यानं शेका. तिच्या आईचीही बोटं अशीच वाकली होती, त्यामुळे तिला त्यात काही नवल वाटत नव्हतं.

मी भांडून तिला स्वारगेटजवळच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "हा वयाचा वात नाही, आमवात आहे. औषध लवकर सुरू केलं तर सांधे वाचतात. एकदा वाकलेली बोटं मात्र गोळ्यांनी सरळ होत नाहीत. रक्त तपासू आणि हातांचा एक्स-रे काढू."

एक्स-रेसाठी बांगड्या उतरवायच्या होत्या. सांधे असे सुजले होते की त्या फोडाव्याच लागल्या असत्या, आणि नव्या चढल्या नसत्या.

"तुझा बाप जिता हाय," आई म्हणाली. "मी मोकळ्या हातानं हिंडू व्हय?"

वडील शेजारीच बसले होते. ते पिशवी उचलून उठले. आम्ही घरी आलो आणि निर्गुंडीचा शेक चालू राहिला.

पुढे वडील गेले. जमलेल्या बायकांनी त्याच दिवशी आईच्या बांगड्या फोडल्या. तेव्हा तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

मी तिला पुन्हा घेऊन गेले, तोवर बोटं पार वाकली होती. एक्स-रे काढणाऱ्या मुलीनं तिचे हात हळूच टेबलावर ठेवले.

"बांगड्या नाहीत ना? बरं झालं, आजी."